तिरकस गुणाकार नंतर, आधी लसावि : आयनिक संयुगांची सूत्रं लिहिण्याची रीत

'ॲल्युमिनिअम सल्फेटचं सूत्र लिहा' असं म्हटलं की वर्गात चार प्रकारची उत्तरं येतात. मी आठवी ते दहावीच्या मुलांना रसायन शिकवते. बॅच कुठलीही असो, उत्तरं हीच चार:

एएल-एसओ४
एएल२-एसओ४३
एएल३-(एसओ४)२
एएल२-(एसओ४)३

शेवटचं बरोबर आहे. पण मला रस आहे तो पहिल्या तिघांत. पहिल्याने प्रभार मोजलेच नाहीत, नाव जसं ऐकलं तसं उतरवलं. दुसऱ्याने हिशेब अगदी बिनचूक केला, फक्त कंस विसरला, आणि त्याच्या कागदावर सल्फरच्या एकट्या अणूला त्रेचाळीस ऑक्सिजन चिकटले. तिसऱ्याला पुस्तकातल्या तिरकस गुणाकाराचा 'तिरकस' शब्द आठवला, पण आकडे तिरके न नेता सरळ खाली उतरवले. तिघांना मी अर्धा-अर्धा गुण कापते हे खरं, पण तिघांना एकच सल्ला देऊन भागत नाही. त्यासाठी हा लेख.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. इथे सगळ्या संज्ञा आपण तोंडाने उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. धन भाग आणि ऋण भाग यांच्यामध्ये मी आडवी रेघ टाकली आहे, ती फक्त सांधा दिसावा म्हणून. वहीत ती नको. वहीत संज्ञा रोमन अक्षरांतच लिहायच्या, पहिलं अक्षर मोठं, दुसरं छोटं, आकडा पायाशी. हे मोठं-छोटं प्रकरण म्हणजे शिक्षकांचा नखरा नाही. मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, एक धातू. दोन्ही मोठे केले की तो कार्बन मोनॉक्साइड, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू राहिला की जीव घेणारा.

अक्षरांच्या या संज्ञा स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास मांडल्या. त्याने लॅटिन नावं धरली, म्हणून सोडिअमचं एनए (नॅट्रिअम), पोटॅशिअमचं के (कॅलिअम), लोखंडाचं एफई (फेरम), तांब्याचं सीयू (क्युप्रम), शिशाचं पीबी (प्लंबम). गंमत म्हणजे बर्झेलियस आकडा पायाशी नव्हे, डोक्यावर लिहायचा. पायाशी तो नंतर आला.

प्रभार येतो कुठून

सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन गेला की आतली आठची कक्षा बाहेरची होते आणि अणू स्थिर होतो. आता प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०, म्हणून प्रभार १+. क्लोरीनची मांडणी २, ८, ७. त्याला आठ पुरे करायला एक हवा. तो मिळाला की प्रभार १−.

इथे मुलं हमखास अडखळतात: दिलं तर कमी व्हायला हवं, मग सोडिअम धन कसा झाला? यावर माझं ठरलेलं उत्तर आहे. इलेक्ट्रॉनला पैसा समजू नका, कर्ज समजा. तो स्वतःच ऋण आहे. ज्याने कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं तो धन झाला, ज्याने अंगावर घेतलं तो ऋण.

आवर्तसारणी समोर असेल तर बरेच प्रभार पाठ करावे लागत नाहीत. गण १ मधले लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम १+. गण २ मधले मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम २+. ॲल्युमिनिअम ३+. उजवीकडे गण १७ मधले फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन १−. गण १६ मधले ऑक्सिजन आणि सल्फर २−. गण १५ मधला नायट्रोजन ३−. मधल्या धातूंपैकी जस्त (झेडएन) २+ आणि चांदी (एजी) १+ एवढे दोन लक्षात ठेवा. लोखंड, तांबं, शिसं, कथिल, पारा ही मंडळी एका प्रभारावर थांबत नाहीत. त्यांच्याकडे मागाहून येऊ.

बारा मूलकांची बाराखडी

असा प्रभार असलेला कण म्हणजे आयन. काही आयन एका अणूचे नसतात. सल्फरचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून सल्फेट होतो आणि त्या अख्ख्या गठ्ठ्यावर मिळून २− प्रभार असतो. असे गठ्ठे म्हणजे संयुक्त मूलकं. यांचे प्रभार शाळेच्या पातळीवर तर्काने काढत बसण्यात अर्थ नाही. मी पाठांतराच्या बाजूची नाही, पण इथे सरळ सांगते: पाढ्यांसारखे पाठ करा. बारा पुरतात.

१+ : अमोनिअम (एनएच४)
१− : हायड्रॉक्साइड (ओएच), नायट्रेट (एनओ३), नायट्राइट (एनओ२), बायकार्बोनेट (एचसीओ३), क्लोरेट (सीएलओ३), परमँगनेट (एमएनओ४)
२− : कार्बोनेट (सीओ३), सल्फेट (एसओ४), सल्फाइट (एसओ३), डायक्रोमेट (सीआर२ओ७)
३− : फॉस्फेट (पीओ४)

नावाच्या शेपटीकडे लक्ष द्या. 'आइड' असेल तर बहुधा एकटं मूलद्रव्य: सल्फाइड म्हणजे नुसता एस, २−. 'आइट' आणि 'एट' असेल तर सोबत ऑक्सिजन आहे, आणि जोडीत 'एट'वाल्याकडे तो जास्त. नायट्राइड, नायट्राइट, नायट्रेट ही तीन नावं भरभर म्हटली की सारखीच ऐकू येतात. पण मॅग्नेशिअमबरोबर त्यांची सूत्रं होतात एमजी३-एन२, एमजी-(एनओ२)२ आणि एमजी-(एनओ३)२. पहिल्यात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. हायड्रॉक्साइड हा शेपटीच्या नियमाला अपवाद. नाव 'आइड'चं, पण अणू दोन.

रीत

पहिली पायरी, नाव मधोमध तोडा. पुढचा शब्द धन, मागचा ऋण. कॅल्शिअम | फॉस्फेट. अमोनिअम | सल्फेट. सूत्रातही हाच क्रम राहतो.

दुसरी पायरी, दोघांच्या संज्ञा लिहून डोक्यावर प्रभार लिहा. सीए २+, पीओ४ ३−. ही पायरी मनातल्या मनात करायची नाही. वर सांगितलेला पहिला मुलगा इथेच घसरला होता.

तिसरी पायरी म्हणजे सगळा खेळ. संयुगावर एकूण प्रभार शून्य असतो, म्हणून जेवढे धन तेवढेच ऋण हवेत. २ आणि ३ यांचा लसावि ६. सहा धन हवेत तर प्रत्येकी २+ वाले कॅल्शिअम तीन लागतील. सहा ऋण हवेत तर प्रत्येकी ३− वाले फॉस्फेट दोन लागतील. तीन आणि दोन, हेच पायाशी जाणारे आकडे.

चौथी पायरी, लिहा: सीए३-(पीओ४)२. संयुक्त मूलक एकापेक्षा जास्त वेळा आलं, म्हणून कंस.

पाचवी पायरी, उलट तपासा. ३ × २ = ६ धन, २ × ३ = ६ ऋण. बेरीज शून्य. मगच पुढच्या प्रश्नाकडे.

पुस्तकात तिसऱ्या पायरीच्या जागी तिरकस गुणाकार असतो: याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. तो चुकीचा नाही. लसाविनेही तेच आकडे येतात, कारण २ आणि ३ सारख्या जोडीत लसावि म्हणजे दोघांचा गुणाकारच. पण तिरकस बाण मारणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असण्याची गरज पडत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. बाण चुकला की तिसऱ्या मुलासारखं एएल३-(एसओ४)२ होतं आणि त्याला कळतही नाही. त्याचा हिशेब करून बघा: तीन ॲल्युमिनिअमचे ९ धन, दोन सल्फेटचे ४ ऋण. पाच धन शिल्लक. असं संयुग बरणीत भरून ठेवता येणार नाही.

तिरकस पद्धतीची दुसरी अडचण जास्त खोल आहे. मॅग्नेशिअम २+, ऑक्सिजन २−. बाण मारले की एमजी२-ओ२ येतं. मग सांगावं लागतं, 'दोनने भाग द्या', उत्तर एमजी-ओ. टिन (चार) ऑक्साइडला (टिन म्हणजे कथिल, इथे ४+) एसएन२-ओ४ येतं, भाग देऊन एसएन-ओ२. मुलं हा भागाकाराचा नियम घोकतात. आणि एक दिवस सोडिअम पेरॉक्साइड समोर येतं.

पेरॉक्साइड हा आयन म्हणजे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून बसलेले, दोघांत मिळून प्रभार २−. सूत्र एनए२-ओ२. भागाकाराची सवय लागलेला हात लगेच त्याचं एनए-ओ करून टाकतो, आणि तसं संयुग नाही. मर्क्युरस क्लोराइडचंही तेच, ज्याला कॅलोमेल म्हणतात. त्यात पाऱ्याचे दोन अणू जोडीने असतात आणि त्या जोडीवर मिळून २+ असतो. सूत्र एचजी२-सीएल२. छोटं करायला जाल तर तो आयनच मोडाल.

आता लसावि लावून बघा. मॅग्नेशिअम २+, ऑक्साइड २−, लसावि २: एकाला एक. सोडिअम १+, पेरॉक्साइडचा गठ्ठा २−, लसावि २: दोन सोडिअम, एक गठ्ठा. पाऱ्याची जोडी २+, क्लोराइड १−, लसावि २: एक जोडी, दोन क्लोराइड. भागाकाराचा प्रश्नच आला नाही, कारण लसावि मुळातच लहानात लहान हिशेब देतो. एका पद्धतीला नियम आणि वर अपवाद लागतात, दुसरीला काहीच लागत नाही. मी कुठली शिकवणार हे उघड आहे. परीक्षेत पायऱ्या दाखवायला सांगितल्या असतील तर पुस्तकातली रीत लिहा, तपासणी लसाविने करा.

कंस

कंस कधी घालायचा, याची एकच कसोटी आहे: गठ्ठा एकापेक्षा जास्त गठ्ठे म्हणून आला का? एनए-ओएच मध्ये एकच हायड्रॉक्साइड, कंस नको. सीए-(ओएच)२ मध्ये दोन, कंस हवा. कंस काढला तर पायाशीचा २ फक्त हायड्रोजनला चिकटतो आणि एक ऑक्सिजन गायब होतो. एमजी-सीएल२ मध्ये क्लोरीन दोन आहेत, पण क्लोरीन हा गठ्ठा नाही, म्हणून कंस नको. हुशार मुलं कंस शिकल्यावर आठवडाभर सगळीकडे कंस घालत सुटतात, ते आपोआप कमी होतं.

अमोनिअम पुढे येतो तेव्हा कंसही पुढे येतो: (एनएच४)२-एसओ४. आणि अमोनिअम नायट्रेटमध्ये नायट्रोजन दोन्हीकडे असला तरी त्यांची बेरीज करायची नाही. एनएच४-एनओ३ असंच राहू द्या. एन२एच४ओ३ असं एकत्र केलं तर त्यातले दोन आयन कोणते ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येकाला गुणतो. एएल२-(एसओ४)३ मध्ये ॲल्युमिनिअम २, सल्फर ३, ऑक्सिजन १२, एकूण १७ अणू. पुढे समीकरणं संतुलित करताना हीच मोजणी लागते, आणि तिथे अडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण समीकरण नसून हा कंस असतो.

दोन-दोन प्रभारांचे धातू

लोखंड २+ किंवा ३+. तांबं १+ किंवा २+. शिसं आणि कथिल २+ किंवा ४+. अशा वेळी नावातच प्रभार सांगावा लागतो. जुन्या नावांत शेपटी बदलते: फेरस म्हणजे २+, फेरिक म्हणजे ३+, क्युप्रस १+, क्युप्रिक २+. 'अस' लहान, 'इक' मोठा. नव्या पद्धतीत धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहितात. ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉकने १९१९ मध्ये सुचवली. इथे मी तो अंक अक्षरात लिहिते आहे: आयर्न (तीन) क्लोराइड. हा अंक प्रभार सांगतो, अणूंची संख्या नाही. आयर्न (तीन) ऑक्साइड वाचून एफई३ लिहिणारे दरवर्षी भेटतात. एफई ३+, ओ २−, लसावि ६, सूत्र एफई२-ओ३.

उलटं जाणं हाही चांगला सराव आहे. सूत्र दिलंय, नाव सांगा. सीयू२-ओ: एक ऑक्सिजन, २ ऋण, तांबं दोन, म्हणजे प्रत्येकी १+. कॉपर (एक) ऑक्साइड. नेहमी ऋण बाजूने सुरुवात करा, कारण तिचा प्रभार सहसा पक्का असतो.

मग शेंदूर घ्या, मारुतीला लावतात तो मूळचा, शिशाचा. (विषारी आहे. हात लावला तर धुवा, प्रयोग कागदावरच.) सूत्र पीबी३-ओ४. चार ऑक्सिजनचे ८ ऋण, म्हणून तीन शिशांवर मिळून ८ धन. आठ भागिले तीन, जमत नाही. इथे चूक हिशेबाची नाही. तिघंही सारखेच आहेत हे आपण गृहीत धरलं, ती चूक. दोन शिसे २+ आणि एक ४+. दोन, दोन आणि चार, झाले आठ. लोहचुंबकाच्या दगडातलं एफई३-ओ४ असंच सोडवून बघा. तिथे एक २+ आहे आणि दोन ३+.

वाण्याचं दुकान, पानाचं तबक

मोरचूद, तुरटी, नवसागर ही नावं प्रभाराचा सुगावाही लागू देत नाहीत. आधी रासायनिक नाव माहीत हवं, मग रीत चालते. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड, एनएच४-सीएल. सोरा म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, के-एनओ३. खाण्याचा सोडा एनए-एचसीओ३, धुण्याचा सोडा एनए२-सीओ३. या शेवटच्या दोघांत सोडिअम एकदा एक आणि एकदा दोन का, हे विचारा. बायकार्बोनेट १− आहे, कार्बोनेट २−. 'बाय' ऐकून सोडिअम दोन करणारे पुष्कळ, आणि दोष त्यांचा नाही. नावच दिशाभूल करणारं आहे. हायड्रोजन कार्बोनेट हे नाव बरं.

चुन्याची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. भट्टीतून येतो तो कळीचा चुना, कॅल्शिअम ऑक्साइड, सीए-ओ. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, पातेलं चटका बसण्याइतकं तापतं, आणि उरतो विरलेला चुना: सीए-(ओएच)२. हाच पानाला लागतो, हाच भिंतीला. भिंतीवर तो दोन-तीन दिवसांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सीए-सीओ३ होतो, आणि पांढरी चकाकी येते. तिन्ही सूत्रांत कॅल्शिअम तसाच, २+. जोडीदार बदलतात: ऑक्साइड २−, एकाला एक, हायड्रॉक्साइड १−, म्हणून दोन, कार्बोनेट २−, पुन्हा एक. वर्गात ही तीन सूत्रं मी एकाखाली एक लिहिते आणि विचारते, मधल्यातच कंस का? हे ज्याला सांगता आलं त्याला अर्धा धडा आला.

मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणीही असतं: सीयू-एसओ४·५एच२ओ. मधल्या टिंबानंतर पाण्याचे रेणू. पाण्यावर प्रभार नाही, म्हणून हिशेबात त्याला धरायचं नाही. फक्त शेवटी जोडायचं. परीक्षानळीत खडा तापवला की पाणी उडतं आणि पांढरी भुकटी राहते, थेंब टाकला की पुन्हा निळी. हिराकस एफई-एसओ४·७एच२ओ, धुण्याच्या सोड्याचे खडे एनए२-सीओ३·१०एच२ओ. पाण्याचा आकडा रीतीने निघत नाही, तो माहीतच असावा लागतो.

आणि तुरटी. ती दिसते एक, पण आयन तीन प्रकारचे: पोटॅशिअम १+, ॲल्युमिनिअम ३+, सल्फेट २−. एक पोटॅशिअम आणि एक ॲल्युमिनिअम मिळून ४ धन, म्हणून सल्फेट दोन. के-एएल-(एसओ४)२·१२एच२ओ. काही पुस्तकांत हेच दुप्पट करून, पोटॅशिअम सल्फेट आणि ॲल्युमिनिअम सल्फेट वेगवेगळे मांडून २४ पाण्यांसकट लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबर. तिरकस बाण तीन आयनांत कसे मारणार?

खताच्या गोणीवरचे आकडे

ज्यांच्या घरी ठिबक आहे त्या मुलांना १२:६१:०० आणि ००:५२:३४ ही खतांची नावं माझ्याआधी माहीत असतात. हे आकडे म्हणजे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशिअम यांचं शेकडा प्रमाण. ही आयनिक संयुगंच. समजून घ्यायला फॉस्फेटची शिडी लागते. पीओ४ वर ३−. त्याला एक हायड्रोजन (१+) चिकटला की एचपीओ४, २−. आणखी एक चिकटला की एच२पीओ४, १−. प्रत्येक पायरीला एक ऋण कमी.

आता डीएपी, म्हणजे डायअमोनिअम फॉस्फेट: एचपीओ४ २− ला अमोनिअम दोन लागतात, (एनएच४)२-एचपीओ४. १२:६१:०० हे मोनोअमोनिअम फॉस्फेट, एनएच४-एच२पीओ४. ००:५२:३४ हे मोनोपोटॅशिअम फॉस्फेट, के-एच२पीओ४. आणि १३:००:४५ तर आपला सोराच.

सूत्र बरोबर आहे की नाही हे गोणीवरून पडताळता येतं. एनएच४-एच२पीओ४ चं वजन: नायट्रोजन १४, हायड्रोजन सहा म्हणून ६, फॉस्फरस ३१, ऑक्सिजन चार म्हणून ६४, एकूण ११५. त्यात नायट्रोजन १४, म्हणजे शंभरात जवळपास १२.२. गोणीवर १२. पुढचा ६१ हा आकडा फॉस्फरसचा नव्हे, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने छापतात, ही खतांच्या व्यवहारातली जुनी पद्धत.

कॅल्शिअम नायट्रेट आणि पोटॅशिअम सल्फेट एका टाकीत एकत्र कालवू नका, असं दुकानदार बजावतो. का, ते सूत्रांत दिसतं. सीए-(एनओ३)२ आणि के२-एसओ४ पाण्यात सुटे होतात, सीए २+ ला एसओ४ २− भेटतो, आणि सीए-एसओ४ म्हणजे जिप्समचा पांढरा गाळ तळाशी बसतो. तो ड्रिपरच्या भोकात अडकला की लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, सोडवत बसा.

रेणुसूत्र म्हणावं का

मिठाच्या खड्यात एनए-सीएल नावाचा सुटा रेणू कुठेच नाही. विल्यम लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं की प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, असं ते जाळं चारी बाजूंना पसरलेलं असतं. कोण कुणाचा जोडीदार हे सांगताच येत नाही. हे त्या काळी सगळ्यांच्या गळी उतरलं नाही; हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्येसुद्धा या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठावर जाहीर तोंडसुख घेतलं होतं. म्हणून आयनिक संयुगाचं सूत्र हे प्रमाण आहे: एकाला एक, दोनाला तीन. लसावि लहानात लहान आकडे देतो आणि आपल्याला हवं असतं ते हेच.

दोन्ही अधातू असतील तर ही रीत वापरू नका. कार्बन डायऑक्साइड, सल्फर ट्रायऑक्साइड यांत आयन नाहीत, रेणू खरेच सुटे आहेत, आणि नावातले डाय, ट्राय हे शब्दच आकडा सांगतात. आयनिक नावांत असे शब्द सहसा येत नाहीत. डीएपीसारखी बाजारातली नावं आणि डायक्रोमेट सोडून द्या. अमोनिअमच्या क्षारांत दोन्हीकडे अधातू असले तरी ते आयनिकच.

आता कागद घ्या आणि ही आठ सोडवा, खालची ओळ झाकून: बेरिअम क्लोराइड, सोडिअम फॉस्फेट, अमोनिअम कार्बोनेट, फेरिक सल्फेट, लेड (चार) ऑक्साइड, पोटॅशिअम डायक्रोमेट, झिंक फॉस्फेट, कॅल्शिअम बायकार्बोनेट.

उत्तरं त्याच क्रमाने: बीए-सीएल२, एनए३-पीओ४, (एनएच४)२-सीओ३, एफई२-(एसओ४)३, पीबी-ओ२, के२-सीआर२ओ७, झेडएन३-(पीओ४)२, सीए-(एचसीओ३)२. सहाव्यात सीआर२ओ७ ला कंस घातला असेल तर खोडा. तो गठ्ठा एकच आहे.